१५ वर्षांचा साग उक्ता द्यावा की ठेवावा?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यात एक एकर मुरमाड वावरात १५ वर्षांपूर्वी २ बाय २ मीटरवर सागाच्या जड्या (मुळाचा छाटलेला खुंट असलेली रोपं) लावल्या. विरळणी एकदाही झाली नाही. आज ७०० च्या आसपास झाडं उभी आहेत. जाड म्हणावीत अशी थोडी, बाकी सगळी बारीक. व्यापारी संपूर्ण प्लॉट उक्ता, म्हणजे न मोजता एकरकमी, मागतोय. शेजारच्या गावातले काही शेतकरी मात्र तीस-तीस वर्षं सागाला हात लावत नाहीत. एवढं थांबून त्यांना नेमकं मिळतं काय, आणि आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याला ते परवडतं का, हे तुम्हाला हवंय.

पहिली गोष्ट, "कापू की ठेवू" हा प्रश्न अख्ख्या प्लॉटला लावू नका. तो प्रत्येक झाडाला वेगळा लावायचा असतो. तुमच्या ७०० झाडांपैकी निम्म्याहून जास्त झाडं पुढच्या वीस वर्षांतही कामाची होणार नाहीत, आणि शे-दीडशे झाडं अशी असतील की ती आज देणं म्हणजे खरी कमाई सुरू होण्याच्या वेळी ती हातची घालवणं. जे शेतकरी थांबतात ते निव्वळ हौसेपोटी थांबत नाहीत. त्यामागे हिशेब आहे, फक्त तो कागदावर कुणी मांडलेला नसतो. तो आधी मांडतो.

लाकडाचं माप आपल्याकडे पाव घेराच्या हिशेबानं होतं. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याला ४ ने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. ४ मीटर लांबीचा ओंडका धरा. मध्यघेर ६० सेंटीमीटर असेल तर ०.०९ घनमीटर, म्हणजे साधारण ३.२ घनफूट. ९० सेंटीमीटरला ०.२० घनमीटर, म्हणजे ७ घनफुटांच्या थोडं वर. १२० ला ०.३६ घनमीटर, म्हणजे १२.७ घनफूट. घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होतं. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

जे सहसा लक्षात येत नाही ते पुढे आहे. सागाची किंमत आतल्या पक्क्या लाकडाची असते. सालीखालचा पांढरट कच्चा थर कीड, बुरशी, वाळवी लगेच धरतो, सुतार तो तासून टाकतो किंवा त्याचे पैसे कमी धरतो. हा कच्चा थर झाड बारीक असो की जाड, थोड्याफार फरकानं सारख्याच जाडीचा राहतो. समजा तो ३ सेंटीमीटर आहे आणि साल १ सेंटीमीटर. ६० घेराच्या झाडाचा व्यास १९ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंनी साल आणि कच्चा थर काढला की उरतो ११ सेंटीमीटरचा गाभा. सालीखालच्या लाकडातला पक्का भाग ४२ टक्के. ९० घेराला गाभा साडेवीस सेंटीमीटरचा, म्हणजे ६० टक्के. १२० घेराला गाभा ३० सेंटीमीटरचा, म्हणजे जवळपास ७० टक्के. ४ मीटरच्या ओंडक्यात पक्कं लाकूड (पाव घेरानं नव्हे, खऱ्या गोल मापानं) अनुक्रमे १.४, ४.७ आणि १० घनफूट निघतं. म्हणजे घेर दुप्पट झाला तर एकूण लाकूड चौपट झालं, पण पक्कं लाकूड सातपटीच्या वर गेलं. थांबण्यामागचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

हेच आता सुताराच्या नजरेनं बघा. दाराच्या चौकटीला ४ बाय अडीच इंचाचा नग हवा असेल तर त्याचा कर्ण पावणेपाच इंच, म्हणजे १२ सेंटीमीटर येतो. ६० घेराच्या झाडाचा गाभा ११ सेंटीमीटर. त्यातून निखळ पक्क्या लाकडाचा असा एकही नग निघत नाही, कोपऱ्यांना पांढरं येतंच. शिवाय नगाच्या मधोमध झाडाचा केंद्रबिंदू येतो, आणि असा नग वाळताना तडकतो. ५ बाय ३ इंचाच्या चौकटीला जवळपास १५ सेंटीमीटरचा गाभा लागतो. ९० घेराच्या पुढे केंद्र टाळून नग काढता येतात, १२० च्या पुढे फळ्याही निघतात. त्यामुळे घेराचा गट बदलला की घनफुटाचा दरही बदलतो. वन विभागाच्या डेपोत, बल्लारपूरला म्हणा की परतवाड्याला, लिलावाचे लॉट घेर आणि लांबी बघून लावतात ते याचसाठी. थांबणाऱ्याला घनफूटही जास्त मिळतात आणि प्रत्येक घनफुटाला दरही जास्त मिळतो. या दोन वाढींचा गुणाकार होतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. कोवळा साग म्हणजे कमकुवत साग, असं सरसकट नाही. ताकदीच्या कसोटीला १५-२० वर्षांचं लागवडीचं लाकूड जुन्या लाकडापेक्षा फार मागे पडत नाही. फरक पडतो तो पक्क्या भागाच्या प्रमाणात, टिकाऊपणात आणि रंगात. म्हणून व्यापारी "कच्चा माल आहे" म्हणतो तेव्हा तो बारीक झाडापुरतं खरं बोलतो. पण तेच बोलून तुमच्या ९० घेराच्या झाडाचा भाव पाडत असेल तर ते मान्य करू नका.

दुसरं कारण बाजाराचं. आफ्रिका आणि दक्षिण-मध्य अमेरिकेतल्या लागवडींमधून भारतात कंटेनरनं साग येतो, आणि त्यातला बराच माल कमी घेराचा असतो. म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून जाड, जुना माल आणखी दुर्मीळ झाला. म्हणजे तुम्ही आज ५०-६० घेराचा माल विकायला काढलात तर गाठ थेट त्या कंटेनरशी आहे. जाड गटात ही स्पर्धा बरीच कमी होते.

तिसरं कारण खर्चाचं. लागवडीनंतरची पहिली पाच-सहा वर्षं निंदण, राखण, छाटणी असते. पुढे साग वर्षाला काही दिवसांच्या मजुरीवर उभा राहतो. उलट तोडीचा खर्च आणि दगदग झाड बारीक आहे म्हणून फारशी कमी होत नाही. अर्ज, मोजदाद, परवाना, वाहतूक पास, गाडी, हे सगळं एका प्रकरणाला एकदाच लागतं. त्याच फेऱ्यात चौपट लाकूड गेलं तर घनफुटामागचा खर्च आपोआप खाली येतो.

चौथं कारण हिशेबाच्या वहीत बसत नाही, पण लहान शेतकऱ्यांत तेच सगळ्यात ताकदीचं असतं. साग नासत नाही. कापूस घरात साठवला तर वजन घटतं, सोयाबीनला कीड लागते, भाव पडला म्हणून पीक वावरात उभं ठेवता येत नाही. सागाला "या वर्षी नाही, पुढच्या वर्षी" म्हणता येतं, आणि त्या वर्षात तो वाढलेलाच असतो. लग्न, घर, दवाखाना, शिक्षण यांसाठी लोक साग राखतात. इंडोनेशियात जावा बेटावरच्या गुनुंगकिदुलमध्येही लहान शेतकरी घराभोवती आणि बांधावर साग लावतात आणि गरज पडेल तेव्हा, गरज असेल तेवढाच कापतात. त्यांचीही अडचण तुमच्यासारखीच आहे. गरज आली की हाताशी असलेलं चांगलं झाड जातं आणि मागे दाट, बारीक झाडी उरते. थांबण्याचा फायदा नुसत्या वाट बघण्यानं मिळत नाही तो इथे.

कारण दाट ठेवलेला साग थांबूनही जाड होत नाही. एका एकरातली माती, ओल आणि ऊन यांतून वर्षाला जेवढं लाकूड बनायचं तेवढंच बनतं. ते ७०० बुंध्यांवर पसरायचं की २०० वर गोळा करायचं, एवढंच आपल्या हातात असतं. ४५ घेराची चार झाडं आणि ९० घेराचं एक झाड, ४ मीटर लांबीला दोन्हीकडे घनफूट सारखेच, सात-सव्वासात. पण त्या चार बारीक झाडांत मिळून पक्कं लाकूड पावणेदोन घनफूट, आणि एका जाड झाडात ४.७. तुमच्या शेजारच्या शेतकऱ्यांनी ३० वर्षं ठेवली आहेत त्यांचा प्लॉट एकदा आत शिरून बघा. त्यांनी मधे विरळणी केली असेल तर झाडं वेगळी दिसतील, नसेल केली तर ३० वर्षांनीही ६०-७० घेराच्या पुढे फार थोडी गेली असतील.

तर विरळणी. तुमच्या प्लॉटला खरी गरज याची आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

आधी सगळ्या झाडांना नंबर घाला आणि छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर (साडेचार फूट), घेर मोजा. उतारावरचं झाड वरच्या अंगानं मोजायचं. सुटलेली साल हातानं हलकी झाडून टाका, कोयत्यानं तासू नका. मोजलेल्या जागी रंगाचा बारीक पट्टा मारा, म्हणजे पुढच्या वर्षी टेप तिथेच बसेल. खिळे ठोकून पत्र्याचे बिल्ले लावू नका. खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं आणि करवतीच्या पात्याचं नुकसान होतं ते वेगळंच.

मग राखायची झाडं निवडा. कापायची नाही, राखायची आधी. एकरी साधारण १५० झाडं शोधा. बुंधा निदान ४-५ मीटरपर्यंत सरळ, एकच शेंडा, डोक्यावरचा फांद्यांचा घेर चारी बाजूंनी भरलेला, बुडाशी जळाल्याची खूण नाही, बांडगूळ नाही. दोन राखीव झाडं अगदी शेजारी आली तर एक सोडा, पण केवळ अंतर जुळत नाही म्हणून उत्तम झाड घालवू नका. या झाडांना पांढऱ्या रंगाचं कडं काढा. आता प्रत्येक राखीव झाडाजवळ उभं राहून वर बघा. ज्याच्या फांद्या त्याच्या शेंड्यात घुसल्या आहेत असं एक, फार तर दोन झाडं लाल रंगानं खुणावा. त्यानंतर दुबेळकी, वाकडी, बांडगुळानं भरलेली, आणि जाड असूनही आडव्या फांद्यांनी चहूकडची जागा अडवून बसलेली झाडं घ्या. पूर्ण दबलेली बारीक झाडं राहिली तरी राखीव झाडांना त्यांचा त्रास नसतो. ती काढायची ती बल्ल्यांना (बारीक वाशांना) गिऱ्हाईक असेल तर.

किती काढायची याचा एक सोपा अंदाज असा: झाडांमधलं सरासरी अंतर हे मोठ्या झाडांच्या उंचीच्या पाव असावं. तुमचा साग १२ मीटर उंच असेल तर अंतर ३ मीटर, म्हणजे एकरी ४५० झाडं. १४ मीटर झाला की साडेतीन मीटर, ३३० झाडं. १६ मीटरला ४ मीटर, २५० झाडं. १८ ला २००, आणि २० मीटरपर्यंत गेलाच तर १६०. शेवटच्या तोडीला चांगल्या जमिनीतही एकरी ८० ते १२० झाडं पुरतात. मुरमाड जमिनीत उंची लवकर थांबते, म्हणून वर्षांचं वेळापत्रक न धरता उंचीवरून चाला.

तुमच्याकडे १५ वर्षं दाटी राहिली आहे, त्यामुळे एका दमात ७०० वरून ३०० वर येऊ नका. दाटीत वाढलेला साग उंच आणि सडपातळ असतो. एकदम मोकळा केला की वादळात वाकतो, आणि बुंध्यावर अचानक ऊन पडल्यानं खोडभर फुटवे फुटतात. ते फुटवे पुढे गाठी होतात, आणि ज्या ४-५ मीटरसाठी आपण वीस वर्षं थांबणार तोच भाग खराब होतो. पहिल्या खेपेला ४५० पर्यंत या, तीन-चार वर्षांनी पुढची खेप. तरीही फुटवे येतीलच. ते बोटाएवढे होण्याआधी काढा, बुंध्याच्या सालीला न दुखवता. राखीव झाडांच्या खालच्या वाळलेल्या फांद्या बुंध्याच्या कडेलगत करवतीनं काढाव्यात, खुंट ठेवू नये. मनगटाएवढ्या हिरव्या फांद्या मात्र आता कापू नका, ती जखम भरायला फार वर्षं लागतात आणि तिथून कूज आत शिरते.

तोड पानगळीनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत करा. पानं नसताना झाड कुठे पडेल ते दिसतं, राखीव झाडांना कमी इजा होते. बुंधा जमिनीलगत कापा, वीतभर बूड खुंटात ठेवलं तर सगळ्यात जाड आणि महाग लाकूड मातीत राहतं. फांद्या, पाचोळा मार्चच्या आत बाहेर काढा. साग उघड्यावर आला की खाली गवत वाढतं, आणि विदर्भात उन्हाळी आग हेच सागाचं मोठं दुखणं आहे. आगीनं साग सहसा मरत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण बुडाशी साल जळते, तिथून कूज चढते आणि पहिला ओंडका पोकळ निघतो. प्लॉटच्या चारी बाजूंनी ३ मीटरची जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) दर फेब्रुवारीत साफ हवी. कापलेल्या खुंटांना पावसाळ्यात जोमानं फुटवे येतात, ते जुलैमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा मोडले की सावलीत दमतात.

बांडगुळाबद्दल एक वाक्य पुरेसं नाही. ते पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतं, झाडाचं पाणी-अन्न ओढतं, आणि हळूहळू शेंडा वाळवतं. नुसतं ओरबाडून काढलं तर पुन्हा फुटतं. ज्या फांदीवर आहे ती फांदी बांडगूळ चिकटलं आहे तिथून फूटभर खाली कापायची, फळं पिकण्याआधी. मुख्य शेंड्यावर धरलं असेल तर ते झाड विरळणीत काढून मोकळं व्हा.

आता "किती वर्षं थांबू" याचं उत्तर. वयावरून ते देता येत नाही, घेराच्या वाढीवरून देता येतं. यासाठी एक साधं गणित वापरा: वर्षभरात वाढलेला घेर दुप्पट करा आणि त्याला आजच्या घेरानं भागा. आलं ते त्या झाडाच्या लाकडाचं साधारण वार्षिक व्याज. ६६ घेराचं झाड वर्षाला ३ सेंटीमीटर वाढत असेल तर ६ भागिले ६६, म्हणजे ९ टक्के. पक्कं लाकूड धरलं तर ही वाढ १५ टक्क्यांच्या जवळ जाते, कारण कच्चा थर तेवढाच राहून गाभाच वाढतो. ९० घेराला ३ सेंटीमीटर म्हणजे पावणेसात टक्के. १२० घेराला २ सेंटीमीटर म्हणजे सव्वातीन टक्के. दर जानेवारीत तीसेक राखीव झाडं मोजा आणि ही टक्केवारी काढा. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा ती जास्त आहे आणि पुढचा घेराचा गट अजून गाठायचा आहे, तोवर झाड ठेवा. टक्का ठेवीच्या खाली आला आणि पुढच्या गटाला सहा-सात वर्षं लागणार असं दिसलं, की झाड तयार. विरळणी नीट झालेल्या बऱ्या जमिनीत शेतकऱ्यासाठी ही वेळ बहुधा ११० ते १३० घेराच्या आसपास, ३० ते ४० वर्षांत येते. सरकारी लागवडी साठ-ऐंशी वर्षांच्या फेऱ्यावर चालत आल्या, पण त्यांना कर्जाचा हप्ता नसतो. त्यांच्याशी तुलना करू नका.

यात परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. सावकाराचं महिन्याला टक्क्यांनी वाढणारं कर्ज असेल तर कोणताही साग त्याच्या वेगानं वाढत नाही. तेवढ्यापुरती झाडं काढा आणि कर्ज संपवा. पण तेव्हाही लाल खुणेची जाड झाडं आधी. तीच जमीन ओलिताखाली येण्यासारखी असेल, किंवा मक्त्यानं दिल्यावर चांगले पैसे येत असतील, तर एकराचं भाडंही हिशेबात धरा. मुरमाड जमिनीला ते फार नसतं, म्हणून तुमच्याकडे पारडं ठेवण्याकडे झुकतं. विरळणी करून दोन पावसाळे गेले तरी घेर वर्षाला १ सेंटीमीटरही सरकत नसेल तर खाली खडक किंवा पाणी धरणारा थर आहे असं समजा. अशा तुकड्यात थांबण्यात काही हशील नाही. साचलेलं पाणी सागाला चालत नाही, काळ्या चिबड जमिनीत तो १२-१५ वर्षांत खुंटतो.

धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांचा हिशेब आणखी वेगळा. त्यांना कडेनं ऊन मिळतं म्हणून ती लवकर जाड होतात, पण फांद्याही जाड राहतात आणि शेजाऱ्याच्या कपाशीवर सावली जाते. त्यांची उत्तरेकडची सावली हिवाळ्यात लांब पडते. सामाईक धुऱ्यावर झाड उभं असेल तर मालकीचा वाद झाड जाड झाल्यावरच निघतो. मोजणी करून हद्द आत्ताच पक्की करून घ्या.

कागद हा लांब मुदतीचा दुसरा अर्धा भाग आहे. साग हा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीतला वृक्ष आहे. स्वतःच्या वावरातला असला तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडलेला माल वाहतूक पासाशिवाय हलवता येत नाही. विरळणीची झाडंही यात आली. अर्जाला ७/१२, ८-अ, नकाशा, हद्दीची खात्री आणि सहहिस्सेदारांची संमती लागते, त्यानंतर जागेवर मोजदाद होते. ७/१२ वर झाडांची नोंद आहे का ते आजच बघा. नसेल तर तलाठ्याकडे करून घ्या, ई-पीक पाहणीतही झाडं दाखवा. २० वर्षांनी हे झाड आपणच लावलं हे सिद्ध करायला हाच कागद लागतो. ७/१२ सामाईक असेल तर दोन पिढ्यांनी सह्यांची संख्या पाचावरून पंधरावर जाते. वाटणी व्हायची असेल तर झाडांचा उल्लेख वाटणीपत्रात हवा. जमीन भोगवटादार वर्ग २ (विक्री-हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली) असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारा. खातेदार अनुसूचित जमातीचा असेल तर झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो आणि व्यवहार वन विभागाच्या देखरेखीखाली होतो, व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नका. "परवान्याचं आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तरी अर्ज तुमच्या नावावर जातो, आणि जास्तीची झाडं पडली तर जबाबदारीही तुमच्यावरच येते.

आता तुमच्या व्यापाऱ्याबद्दल. उक्त्या सौद्यात तो प्लॉट डोळ्यानं मोजतो, तुम्ही मोजलेलाच नसतो. इथेच अर्धा तोटा होतो. विरळणीचा माल त्याला जरूर द्या, पण अटी अशा: फक्त लाल खुणेची झाडं, नंबरनिहाय यादी दोघांकडे, पांढऱ्या कड्याचं झाड पडलं तर ठरलेली भरपाई, सगळं कागदावर. निवड त्याच्यावर सोडली तर तो जाड आणि सरळ तेवढं नेईल, आणि तुमच्याकडे जे उरेल ते तीस वर्षं ठेवूनही बारीकच राहील. माल घनफुटावर द्यायचा असेल तर माप आधी ठरवा: ओंडक्याच्या मध्यावर, सालीखाली, आणि अपुरा इंच कसा धरायचा. ३६ इंच घेर आणि १० फूट लांबी म्हणजे ९ गुणिले ९ गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे साधारण ५.६ घनफूट. घेर एक इंच कमी धरला की ५.३ होतात, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त गेले. पाव घेराच्या पद्धतीत खऱ्या गोल आकारातल्या लाकडाचा एकवीस टक्क्यांहून जास्त भाग आधीच वगळला जातो, म्हणून वर पुन्हा "कटाईची तूट" मागितली तर देऊ नका.

ओंडके करतानाही घाई नको. चौकटीच्या उभ्या नगाला ७ फूट लागतात, त्यामुळे साडेसात फुटांचा सरळ तुकडा ९ फुटांच्या वाकड्यापेक्षा जास्त किमतीचा ठरतो. वाक जिथे आहे तिथेच कापा. जाड बुडाचा ओंडका शेंड्याकडच्या भागासकट लांब ठेवला तर मध्यघेर घटतो आणि बुडाच्या लाकडालाही बारीक गटाचा दर लागतो.

परवानगीचं प्रकरण दरवर्षी करायला जाऊ नका, तीन-चार वर्षांतून एकदा येणाऱ्या खेपेची सगळी झाडं एकाच अर्जात घ्या. या हिवाळ्यात मोजणी आणि खुणा, लगेच अर्ज, परवाना हातात आला की पानगळीनंतर पहिली तोड, असा क्रम धरा. आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत व्यापाऱ्याकडून इसार घेऊ नका. मोजून झाल्यावर ३० सेंटीमीटर घेराच्या आतले, ३० ते ४५, ४५ ते ६० आणि ६० च्या वरचे किती, मोठ्या झाडांची उंची किती, आणि वीतभर रुंद खड्ड्यात मुरूम किती फुटांवर लागतो, एवढं कळवलंत तर पहिल्या खेपेला नेमकी किती काढायची ते सांगता येईल.